निळ्या चाळण्यांचे मेश्राम काका

लखनौच्या अलीगंजमध्ये मराठी माणसाचं घर ओळखायचं असेल, तर दारावरची पाटी वाचायची गरज नाही. स्वयंपाकघरात जाऊन चाळणी बघायची. तिच्यावर निळा डाग असला की घर मराठी. कुणाच्या किसणीवर तो डाग आहे, कुणाच्या करंजीच्या कातण्याला आहे, एका बँक मॅनेजरच्या पोळपाटाचा तर अर्धा भाग निळा आहे. राख, लिंबू, चिंच, सगळं लावून झालं. डाग जात नाही. हा सगळा प्रताप एकाच माणसाचा, आणि तो माणूस माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. मेश्राम काका.

आमच्या घरातली एकही वस्तू निळी नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतो, आणि अकरा वर्षांत या माणसाने माझ्या घरातला एक चमचासुद्धा मागितला नाही. मला राग लवकर येतो आणि आलेला राग मी नीट जपून ठेवतो, त्यामुळे ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

काका मूळचे नागपूरकडचे. सरकारी खात्यात नकाशे काढायचं काम करत. चौतीस वर्षं टाकाने सरळ रेषा मारल्या. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी पट्टी कपाटात ठेवली आणि ठरवलं, की आता शाईला जिकडे जायचं तिकडे जाऊ द्यायचं. तेव्हापासून ते कार्डं बनवतात. म्हणजे पूर्ण कार्डं नाहीत. कार्डाची फक्त मागची नक्षी. त्यावर ते एक अक्षर लिहीत नाहीत. मी विचारलं, "काका, 'शुभेच्छा' तरी लिहा की."

"आपण मागचं पाहतो, शेठ," ते म्हणाले. "मजकूर ज्याचा त्याने पाहावा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "शाईला विचारून पाहू."

त्यांची बैठकीची खोली एकदा बघण्यासारखी आहे. मधोमध जुनं ड्रॉइंगचं टेबल, त्यावर स्टीलची परात, परातीत दाढीचा फेस. त्या फेसावर ते निळ्या शाईचे थेंब सोडतात, मोडक्या कंगव्याने त्यात रेघा ओढतात आणि वर जाड कागद अलगद ठेवून उचलतात. फेस पुठ्ठ्याने निपटून काढला, की खाली संगमरवरासारखी नक्षी उमटलेली असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चहा प्यायचा विसरलो होतो. दुसऱ्या कागदावर ओल्या शाईत खडे मीठ टाकून ठेवलेलं असतं. मीठ शाई पितं आणि प्रत्येक खड्याभोवती फूल उमटतं. तिसऱ्यावर कांद्याची जाळीदार पिशवी दाबलेली. चौथ्यावर दातांच्या ब्रशने उडवलेले शिंतोडे. मलिहाबादहून आलेल्या दशहरी आंब्यांच्या पेटीतलं गवतसुद्धा ते टाकत नाहीत, तेही शाईत बुडतं.

आणि घरात एकच माणूस. काकू सहा-सात महिने कॅनडात मुलीकडे असतात. काका तिकडे जात नाहीत. थंडीत शाई वाळत नाही, असं कारण सांगतात. कॅनडात घरं गरम असतात, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

एकदा ते माझ्याबरोबर अमीनाबादच्या बाजारात आले. माझं तिथे लग्नपत्रिकांचं आणि कागदाचं दुकान आहे. साताऱ्याकडचा एक लांबचा मामा मला सतराव्या वर्षी इथे सोनं-चांदी गाळायच्या कामाला घेऊन आला होता. त्या तेजाबाच्या वासाने मी वर्षभरात पळालो आणि सायकलवर पाकिटं विकायला लागलो. त्या सायकलचं दुकान झालं. त्यामुळे अमीनाबादेत मी कुणालाही पहिल्या भावात वस्तू घेऊ देत नाही. तो माझा अपमान असतो.

काकांना दाढीचा फेस हवा होता. एक-दोन नाही, बारा डबे. आणि काकांची दाढी छातीपर्यंत.

दुकानदाराने डबे काढले, काकांकडे बघितलं, परत डब्यांकडे बघितलं. "चचा, बुरा न मानें, ये लगाएँगे कहाँ?"

"कागद पर," काका म्हणाले.

"अच्छा," दुकानदार म्हणाला, आणि माझ्याकडे हळूच बघून डोक्याजवळ बोट फिरवलं.

मी त्यांची बाजू घेऊन भांडायला सुरुवात केली. बारा डबे एकदम घेतोय, त्यात दोन डब्यांची मुदत संपत आलेली, भाव कमी कर. दुकानदार घसरत घसरत माझ्या आकड्याच्या जवळ आला होता. एवढ्यात काका म्हणाले, "भैया, ऐसे पुराने और हैं क्या? पुराना झाग ज़रा गाढ़ा रहता है. उसके पूरे पैसे दूँगा."

मी बाजारात त्यांच्याबरोबर परत कधी गेलो नाही.

पण कागद ते माझ्याच दुकानातून नेतात. जाड, पांढरा, जरा खरखरीत. महिन्याला चांगला गठ्ठा जातो. आणि मला कळेना, की हा कागद जातो कुठे? आमच्या मराठी मंडळींत वाढदिवस होतात, बारशी होतात, काका हात हलवत येतात, पोटभर जेवतात, हात हलवत जातात. कुणाला कधी त्यांनी कार्ड दिल्याचं मी बघितलं नाही. घरात भिंतीवर एक नाही. विकत तर नाहीतच.

हे मी खात्रीने सांगतो, कारण मी स्वतः विचारलं होतं. ती निळी संगमरवरी नक्षी लग्नपत्रिकेच्या आतल्या पानाला लावली, तर हजरतगंजपासून गिऱ्हाईक येईल, हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. मी म्हणालो, "काका, महिन्याला पन्नास ताव मला द्या. भाव तुम्ही सांगा." आयुष्यात 'भाव तुम्ही सांगा' असं मी दुसऱ्या कुणाला म्हटलेलं नाही.

"नाही जमत, शेठ."

"मग तीस."

"तसं नाही. ही नक्षी कोणाची तरी आहे."

"तुमचीच ना?"

"नाही बाप्पा, माझी कशाची," ते म्हणाले आणि परातीत कंगवा फिरवायला लागले.

मी दार आपटून वर आलो. बायको म्हणाली, "अहो, दार त्यांचं होतं."

आता चाळण्यांबद्दल सांगतो. अलीगंजमध्ये मराठी घरं पंधरा-सोळा. बहुतेक बँकेतली, सरकारी कंपन्यांतली माणसं. नवीन कुटुंब आलं, की सहा महिन्यांच्या आत काका त्यांच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. "जय भीम. वहिनी, तुमची चाळणी दोन दिवस मिळेल का?" कुणाकडे झारा मागतील, कुणाकडे शेवेची चकती. एका ठिकाणी लेकराची खेळण्यातली पोळपाट-लाटण्याची जोडी मागितली. वस्तूवर शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा, वस्तू धुऊन परत. धुऊनही निळी. बायका आधी चिडायच्या, मग एकमेकींत मिरवायच्या. हळदीकुंकवाला माझ्या बायकोला, सुमनला, कुणीतरी विचारलंच, "तुमच्याकडचं काय नेलं हो काकांनी?"

सुमन त्या दिवशी घरी आली ती तोंड पाडून. "आपल्याकडे काय कमी आहे?"

कमी काहीच नव्हतं. सुमनकडे तिच्या आईने दिलेला पितळी सोऱ्या आहे. चकलीच्या चकतीला सहा टोकांची चांदणी, त्यातलं एक टोक जरा वाकडं. त्यामुळे आमच्या चकलीला एका बाजूला एक काटा जास्त मोठा येतो. तशी चकली लखनौत दुसऱ्या कुणाच्या घरी मिळणार नाही. मग मी ठरवलं, की या माणसाला मोहात पाडायचं.

सुमनने सोऱ्या घासून लख्ख केला आणि जिन्याच्या खिडकीत ठेवला, काका दूध आणायला जातात त्या वाटेवर. काका थांबले. सोऱ्या हातात घेतला. चकती काढून उजेडात धरली. मी दाराच्या फटीतून बघत होतो, श्वास रोखून.

"छान आहे," काका म्हणाले. ठेवला आणि गेले.

दुसऱ्या आठवड्यात मी अमीनाबादहून घासाघीस करून एक जाळीचं झाकण आणलं, बारीक कमळाचं काम केलेलं. तेही खिडकीत ठेवलं. काका म्हणाले, "वहिनी, हे इथे ठेवू नका. माकडं नेतील." माकडांनी नेलंच.

त्यानंतर मी त्यांच्याशी तीन महिने बोललो नाही. त्यांना ते कळलं नाही, कारण ते शाईत होते.

खरी गोष्ट बाहेर आली ती फोनवर. देशमुख वहिनी आमच्या समोरच्या इमारतीत तीन वर्षं होत्या. नवरा बँकेत, मागच्या उन्हाळ्यात त्यांची बदली कोचीला झाली. एका दुपारी त्यांचा सुमनला फोन आला, तिने तो स्पीकरवर टाकला. आवाज काळजीचा.

"मेश्राम काकांना बरं आहे ना?"

"का हो?"

"अहो, त्यांचं कार्ड आलंय पोस्टाने. उघडलं तर आत काहीच लिहिलेलं नाही. नुसती निळी नक्षी. बारीक ठिपके ओळीने आणि मध्ये एक मोठी फट. मला वाटलं, लिहायचं विसरले की काय, वय झालंय."

मागून त्यांच्या मुक्ताचा आवाज आला. मुलगी नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "मम्मी, ये तो अपनी चलनी है! देखो ना, यहीं से फटी थी!"

पलीकडे कागद उलटासुलटा केल्याचा आवाज आला.

"खरंच की," देशमुख वहिनी म्हणाल्या. "सामान बांधताना मीच टाकून दिली ती चाळणी. जुनी झाली होती." मग त्यांचा आवाज बदलला. "इथे आल्यापासून ही पोरगी रुसलीच आहे. शाळा नको, घर नको. आता बघा, कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेली. फ्रिजवर लावते म्हणते."

मी आयुष्यभर पत्रिका विकल्या. सोनेरी अक्षरं, उठावाचे गणपती, मखमली पाकिटं. एका फाटक्या चाळणीचं भोक कुणी फ्रिजवर लावतं, हे मला नवीन होतं.

मग मी बसून नावं आठवायला लागलो. ज्यांच्या ज्यांच्या वस्तू काकांनी नेल्या, ती सगळी बदलीची माणसं. काही गेलेली, काही जाणार. ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही, म्हणून काका आधीच ठसा घेऊन ठेवतात, आणि माणसं गेली, नव्या गावात घर लागलं, की मागून कार्ड पाठवतात. माझा कागद तिकडे जात होता. कोचीला, भुवनेश्वरला, जम्मूला.

कोडं सुटलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी तसाच खाली गेलो.

काका फेस पसरत होते. मी म्हणालो, "देशमुखांचं कळलं मला."

"पोचलं का? फार दिवस लागले."

"पोचलं. पोरगीने ओळखलं."

त्यांचा हात थांबला. "ओळखलं?"

"फाटलेल्या जागेवरून."

काकांनी हात पुसले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. चष्म्यावर फेस लागला. "शेठ, माझ्या नऊ बदल्या झाल्या," ते म्हणाले. "दर वेळी नव्या गावात पोरगी विचारायची, बाबा, आपलं घर कुठे आहे? मी म्हणायचो, ट्रकमध्ये आहे, येऊन राहिलं. मग ट्रक यायचा, सगळं उतरवून व्हायचं, आणि ती ट्रकच्या आत चढून पाहायची, काही राहिलं का म्हणून."

 पण अकरा वर्षांचा राग असा एका ट्रकने जात नाही. "ते सगळं ठीक आहे," मी म्हणालो. "पण मग आम्ही काय? कालच्या आलेल्या लोकांचे झारे चालतात, आमचा पितळी सोऱ्या चालत नाही? खिडकीत ठेवला होता, तुम्ही हातात घेऊन परत ठेवलात! मी बघत होतो!"

"मला माहीत आहे. दाराच्या फटीत तुमचं पोट दिसत होतं."

"मग का नाही मागितला?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी विचारू नये ते विचारलं. "तुमचा ठसा काहून घेऊ?" ते म्हणाले. "तुम्ही कुठे जाऊन राहिले? दुकान इथे, घर इथे. सकाळी तुम्ही दूधवाल्याशी भांडता, तेव्हा मी उठतो. मला घड्याळ लावावं लागत नाही. चकल्या झाल्या की वहिनी ताटली पाठवते, तो एक काटा मोठा असलेली. ज्याची चकली मिळते, त्याचा कागद घेऊन काय करू?"

मी एरवी भांडण अर्धवट सोडणारा माणूस नाही. त्या दिवशी सोडलं आणि वर आलो. कारण त्याच आठवड्यात मी एका दलालाला आमचं घर दाखवायला बोलावलं होतं.

आमचा मुलगा पुण्यात असतो. दोन वर्षं त्याचं चाललंय, "पापा, वहाँ अकेले क्या करोगे? यहाँ आ जाओ ना." सुमनला नातीची ओढ आहे. माझंही वय झालं, दुकानात पायऱ्या चढताना गुडघे बोलतात. घर आणि दुकान विकायचं, पुण्यात मुलाच्या शेजारी छोटं घर घ्यायचं, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. इथे कुणाला सांगितलं नव्हतं. व्यवहार पक्का होईपर्यंत बोलायचं नाही, ही माझी सवय. पण काकांचं 'तुम्ही कुठे जाऊन राहिले' ऐकून, ती सवय आहे की खोटेपणा, ते मला सांगता येईना.

शनिवारी दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. जिन्यात मोठ्याने बोलत, "साहब, हवा देखिए, धूप देखिए." काकांचं दार नेहमीप्रमाणे उघडं होतं. गिऱ्हाइकाने फेसाच्या परातीकडे बघून विचारलं, "ये कौन हैं?" दलाल म्हणाला, "पड़ोसी हैं. बेचारे सीधे आदमी हैं. ऊपर वाले तो जा ही रहे हैं."

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट. हातात कापडी पिशवी.

"जय भीम, शेठ." ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे बघत होते. "वहिनी, तुमचा सोऱ्या दोन दिवस मिळेल का?"

ज्या प्रश्नाची मी अकरा वर्षं वाट बघितली, ज्याच्यासाठी खिडकीत भांडी मांडली, तो प्रश्न दारात उभा होता. सुमन लगबगीने आत गेली आणि सोऱ्या घेऊन आली. घासलेला, चकचकीत. तिला बिचारीला एवढंच कळलं होतं, की शेवटी आपला नंबर लागला. तिने तो पुढे केला, काकांनी पिशवीचं तोंड उघडलं, आणि मी मधे हात घालून सोऱ्या ओढून घेतला.

"याची चकती हरवली आहे," मी म्हणालो.

"अहो, ही काय आतच आहे," सुमन म्हणाली.

मी सोऱ्याची चकती काढली, मुठीत धरली आणि ती मूठ खिशात घातली. "हरवली आहे म्हटलं ना! सापडली की देतो. या आत, चहा घ्या."

काका पिशवी धरून उभे राहिले. मग पिशवीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, खिशात ठेवली आणि आत येऊन बसले. चहा प्याले.  सुमन एकदा माझ्या खिशाकडे बघत होती, एकदा काकांकडे. मग ती आत गेली आणि चकलीचा डबा घेऊन आली.

दलालाला मी दुसऱ्या दिवशी असा भाव सांगितला, की तो पाणीसुद्धा न पिता गेला. मुलाला सांगितलं, बाजार मंद आहे, चांगलं गिऱ्हाईक मिळालं की बघू. तो म्हणाला, "पापा, आप कुछ छुपा रहे हो." मी फोनवरच त्याच्यावर ओरडलो.

चकती अजून माझ्याच खिशात असते. पँट बदलली की चकतीही खिसा बदलते. तिची कड मांडीला टोचते. या दिवाळीला सुमनने चकली बाजारातून आणली आणि ताटली घेऊन माझ्यासमोर आपटली. अगदी सारख्या काट्यांची, देखणी चकली होती. काकांनी एक खाल्ली, दुसरी घेतली नाही.

आता काका दर रविवारी वर येतात. चहा होतो, माझं एखाद्या भाजीवाल्याशी झालेलं भांडण मी त्यांना पूर्ण ऐकवतो, ते मधे मधे "मग?" म्हणतात. निघताना दारात थांबतात.

"चकती सापडली का, शेठ?"

"नाही अजून."

"फार शोधू नका," ते म्हणतात, आणि कठडा धरून एक एक पायरी खाली उतरतात.